प्रति: फिल्टर बदलला तरी इंजिन गेलं?
"ऑइल फिल्टर वेळच्या वेळी बदलला की इंजिनाला धोका नाही" हे या चर्चेतलं मत अर्धंच पटलं. ऑइल पंपाच्या आधी, संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) तळाशी तारेची जाळी असते; तिला सर्व्हिसिंगमध्ये कोणी हात लावत नाही. फिल्टर तुंबला तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता का होईना, पुढे जातं. जाळी तुंबली तर पंपालाच तेल मिळत नाही, मग बेअरिंगं जातात. २००० च्या आसपासची साब ९-५ ही स्वीडिश गाडी यासाठीच बदनाम: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा, खूप तापणारा भाग) संपच्या भांड्याला जवळजवळ खेटून, तेल भाजून त्याचे काळे खडे होतात. आणि संप बसवताना मेकॅनिकने सढळ हाताने फासलेलं सिलिकॉन! त्याचे तुकडेही तिथेच अडकतात. जुन्या गाडीत फ्लश (इंजिन आतून धुणारं रसायन) मारण्याआधी संप उतरवून जाळी बघाच. इंजिन गरम असताना आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकला, तर गाडी बंद करून टोचन लावा.