मदत हवी आहे: वर-खाली होणारा वाफा, खाली येताना गुडघे सापडू नयेत म्हणून काय लावू?

उंच इमारतींच्या बाल्कनीत म्हाताऱ्या माणसांना न वाकता बागकाम करता यावं म्हणून मोटरने वर-खाली होणारा वाफा बनवतोय. माप १०० बाय ५० सेंमी, माती २० सेंमी म्हणजे १०० लिटर, आणि ओली माती भरली की वजन दीडशे किलोच्या वर जातं, म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके खनिज दाणे) घेतलं, वजन बरंच उतरलं. लीड स्क्रूवाला अ‍ॅक्च्युएटर (आट्यांचा दांडा फिरवून वाफा उचलणारी मोटर) सेल्फ-लॉकिंग आहे त्यामुळे लाइट गेली तरी वाफा खाली येत नाही, तो प्रश्न मिटला. ओलाव्याला कपॅसिटिव्ह सेन्सर (उघडा धातू मातीला न लागता मोजणारा) लावलाय, उघड्या धातूच्या टोकांचे रेझिस्टिव्हवाले गंजतात. अ‍ॅप नाहीये आणि करायचंही नाही, थरथरत्या हाताला मोठं बटणच बरं, दाबून धरलं तरच हलतं.

अडचण अशी की व्हीलचेअरवरच्या माणसाचे पाय वाफ्याखाली असतात आणि वाफा खाली येताना बटण सोडेपर्यंत उशीर होऊ शकतो. मोटरचा करंट बघून थांबवायचा प्रयत्न केला, पण पाणी घातल्यावर वजन बदलतं आणि करंटही, मग उगाच थांबतो नाहीतर थांबतच नाही. बॅटरी २४ व्होल्ट, बाल्कनीत ऊन-पाऊस दोन्ही.

खालच्या कडेला प्रेशर सेफ्टी एज पट्टी (दाबली गेली की मोटर थांबवणारी रबरी पट्टी) लावू की प्रकाश परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजणारा टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर, धूळ-पाण्यात जास्त भरवशाचं काय?