लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलाय, जेवताजेवता उठावं लागतं. ही चाल कधी मंदावते?

बार्शीची लेक
अण्णांचं (वय 61) दोन महिन्यांपूर्वी तातडीचं ऑपरेशन झालं. हर्नियात आतडं अडकून काळं पडलं होतं. कागदावर लिहिलंय, लहान आतड्याचा शेवटचा 80 सेंमी भाग आणि त्याला लागून असलेली मोठ्या आतड्याची सुरुवात काढली. जखम छान भरली. पण आता घास तोंडात असतानाच उठावं लागतं. दिवसातून सात-आठ वेळा, पाण्यासारखं. "खाल्लेलं तसंच खाली जातंय," म्हणत त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलंय. आतड्याची चाल एवढी वाढते का?

निवृत्त मास्तर
ताई, आधी अण्णांना जेवायला लावा. लगेच जे बाहेर पडतं, ते आत्ताचं जेवण नसतंच. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं आणि आधीचं पुढे ढकलतं. हे धडधाकट माणसातही होतं. मला हे कुणी वेळेत सांगितलं नाही. 2014 साली टीबीमुळे माझाही हाच कोपरा काढला, आणि भीतीपोटी उपाशी राहून मी अकरा किलो घालवले.

चाल मात्र खरोखर वाढते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात एक ब्रेक असतो. न पचलेली चरबी तिथवर पोचली की त्या भिंतीतून संप्रेरकं सुटतात आणि वरच्या जठराला, आतड्याला सांगतात : हळू चला. तोच भाग गेला की सांगणारं कमी उरतं. मोठ्या आतड्यातही तशा पेशी आहेत, ते शिल्लक आहे ही जमेची बाजू.

शिवाय लहान आणि मोठ्या आतड्यामधली झडप गेली. मोठ्या आतड्यातले जंतू वर चढू शकतात. गुरगुर आणि गॅस त्यानेही होतो.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून वही घातली : काय खाल्लं, किती वाजता, कधी गेलो. महिन्यातून एकदा बीट खायचो आणि लाल रंग कधी दिसतो ते लिहायचो. तिसऱ्या महिन्यात 7 तास, वर्षाने 15. उरलेलं आतडं शिकतं. ते रुंदावतं, आतले अन्न शोषणारे अंकुर लांबतात. पण वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात.

फिजिऑलॉजी शिकवते
मास्तरांचं बरोबर आहे, पण अण्णांच्या बाबतीत सगळा दोष चालीवर टाकू नका. पित्तातले क्षार याच शेवटच्या भागात परत शोषले जातात. तो गेला की ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी सुटतं. यावर कोलेस्टिरामिनची पावडर असते, सर्जनना विचारा. ती इतर गोळ्याही अडवते, म्हणून बाकीची औषधं तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनी. चाल मंद करायला लोपेरामाइड जेवणाच्या अर्धा तास आधी देतात, तेही विचारूनच.

बी-12 सुद्धा तिथेच शोषलं जातं. 60 सेंमीपेक्षा जास्त भाग गेला की कमतरतेचा धोका बराच असतो, आणि यकृतातला साठा काही वर्षं पुरत असल्याने ती उशिरा कळते. रक्त आत्ताच तपासून घ्या.

आतडं जिथे कापून जोडलं, तिथेही फरक पडतो. लहान आतड्याचा ठेका वरून येतो : वरच्या टोकाला मिनिटाला साधारण 12 विद्युत लाटा, खालच्या टोकाला 8. नव्या जोडावरून ही विद्युत लाट लगेच पलीकडे जात नाही.

आणि बीट खाल्लं तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर रक्त समजून गोंधळ होईल. खरं रक्त, ताप, किंवा पोट फुगून उलट्या आणि गॅस बंद झाला, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

निवृत्त मास्तर
एक राहिलंच. गोड सरबत आणि उसाचा रस बंद. साखर आतड्यात पाणी ओढते. तहानेला ओआरएस, घोट घोट. मऊ भात, मूगडाळ, थोडं थोडं, पाच-सहा वेळा.

बार्शीची लेक
आम्ही रोज दोनदा लिंबू सरबत देत होतो, चांगली चार चमचे साखर घालून! आजपासून बंद. अण्णांना बीटचं वाचून दाखवलं, तर म्हणाले, मास्तरांचे 15 तास झाले ना, मग मी थांबेन. वही त्यांनीच मागितली. पहिली नोंद : दुपारी 12.40, भात आणि वरण, पूर्ण वाटी.