मदत हवी आहे: आईसाठी शुगरफ्री, स्टीव्हिया की गूळ?

खाडीपलीकडे:
गणपती आठ दिवसांवर आलेत आणि आमच्या घरात रविवारपासून एकच वाद पेटलाय. आईला डायबेटीस आहे. चहात ती शुगरफ्रीच्या गोळ्या टाकायची. धाकट्या बहिणीने कुठेतरी वाचलं की त्यांनी कॅन्सर होतो, डब्ल्यूएचओनेच सांगितलंय, म्हणून तिने गोळ्या काढून घेतल्या आणि स्टीव्हियाचा डबा आणला. दादा म्हणतो सुक्रालोज घ्या, तापवलं तरी चालतं. शेजारच्या काकू म्हणतात गूळ घाला, नैसर्गिक आहे. आईला स्टीव्हिया कडसर लागतो. काल म्हणाली, यंदा मला मोदकच नकोत. मला ऐकवेना. कृपया लिंका देऊ नका, वाचून वाचून डोकं भणभणलंय. चहात काय घालायचं आणि मोदकात काय घालायचं, एवढंच सांगा.

साधी_सुगरण:
आईंचं वय किती? मधुमेहाची कोणती औषधं चालू आहेत? तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी (एचबीए१सी) किती आली? बीपी, किडनी ठीक? आणि त्या गोळ्यांच्या डबीमागे काय छापलंय, अस्पार्टेम, सॅकरिन की सुक्रालोज? नुसतं शुगरफ्री म्हटल्यावर काहीच कळत नाही.

खाडीपलीकडे:
६७. बीपीची गोळी आहे. शुगरच्या दोन-तीन आहेत, नावं पाठ नाहीत, मी आत्ता ऑफिसात आहे. मी गोडाचं विचारतेय, औषधाचं नाही.

गवती_चहा:
डबा कशाला विकत घ्यायचा? स्टीव्हियाचं रोप नर्सरीत मिळतं, गोड तुळस म्हणून मागा. दोन पानं चहात टाकायची. माझ्या गच्चीवर चार वर्षं आहे. पॅराग्वेतले ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या हीच पानं वापरत आलेत. प्रयोगशाळेत तयार झालेली भुकटी की झाडाचं पान, असा प्रश्न असेल तर मी पान घेईन. पानं नसतील तर ज्येष्ठमधाची काडी चहात उकळा, घसाही मोकळा राहतो.

निवृत्त_औषधवाला:
ज्येष्ठमध नको! आईंना बीपीची गोळी आहे हे धागाकर्तीने आत्ताच सांगितलं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठपाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. खोकल्यापुरती काडी चघळणं वेगळं, रोजच्या चहात उकळणं वेगळं. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, हे धरून चालू नका.

आता बहिणीच्या मुद्द्याचं. डब्ल्यूएचओच्या दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. जुलै २०२३ मध्ये त्यांच्या कर्करोग संस्थेने अस्पार्टेमला २बी गटात टाकलं, म्हणजे 'शक्यता आहे, पण पुरावा तोकडा'. त्याच वेळी सुरक्षित प्रमाण ठरवणाऱ्या समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, दर किलो वजनाला ४० मिलिग्रॅम. आई ६० किलोच्या असतील तर २४०० मिलिग्रॅम. डाएट कोलाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० असतं. चहातल्या चार-पाच गोळ्या त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत.

दुसरी गोष्ट मे २०२३ ची. वजन कमी करायला असले गोड पर्याय वापरू नका, असा तो सल्ला होता. त्यात स्टीव्हियासुद्धा आहे, हे बहिणीला सांगा. आणि ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना तो सल्ला लागू नाही, असं त्यातच म्हटलंय.

आईंच्या जवळचा अभ्यास हवा असेल तर चेन्नईचा बघा. मद्रास डायबेटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी टाइप २ मधुमेह असलेल्या १७९ जणांना घेतलं. निम्म्यांच्या चहा-कॉफीत १२ आठवडे साखरेऐवजी सुक्रालोज. तीन महिन्यांच्या सरासरीत दोन गटांत फरक पडला नाही, वजन आणि कंबर थोडी उतरली. म्हणजे चमत्कारही नाही आणि विषही नाही. २०२४ मध्ये छापून आला.

हडसनपार:
इथे न्यू जर्सीत आमच्याकडे स्टीव्हियाच होता. मग डबा उलटा करून वाचला तर पहिलं नाव एरिथ्रिटॉल (हाही साखरेचा एक पर्याय), स्टीव्हियाचा अर्क चिमूटभर. २०२३ च्या फेब्रुवारीत क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना हार्ट अटॅक आणि स्ट्रोक जास्त येतात असं दाखवलं. माझ्या नवऱ्याला दोन स्टेंट आहेत. मी त्याच दिवशी डबा फेकला. आईंच्या डब्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

निवृत्त_औषधवाला:
अभ्यास खरा आहे, पण पूर्ण सांगा. ती माणसं आधीच हृदयविकाराच्या तपासणीला आलेली होती. शिवाय एरिथ्रिटॉल शरीर स्वतःही थोडं तयार करतं, त्यामुळे रक्तातलं सगळं खाण्यातूनच आलं असं म्हणता येत नाही.

हडसनपार:
त्याच अभ्यासात निरोगी लोकांना ३० ग्रॅम पाजल्यावर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त वर राहिली होती, तेही पूर्ण सांगा. घरात हृदयरोगी असताना मी पुराव्याची वाट बघत बसणार नाही.

निवृत्त_औषधवाला:
तुमच्या घरासाठी तुमचं बरोबर आहे. मीही डबा उलटा करून वाचाच म्हणेन. काही डब्यांत भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं, ते तर थेट साखर वाढवतं.

पन्हाळ्याचा_वारा:
गुळाला कुणीच का विचारात घेईना? आमचं आजोबांपासून गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचा चीक घालून मळी काढायची, दुसरं काही नाही. बाजारातला पिवळाधमक गूळ घेऊ नका, त्यात रंगासाठी बरेचदा हायड्रॉसची पावडर मारलेली असते. तांबूस-काळपट ढेप बघून घ्या. त्यात लोह आहे, खनिजं आहेत. माझे वडील ८१ वर्षांचे होऊन गेले, रोज काकवी-भाकरी खायचे, डायबेटीस शिवला नाही.

इन्सुलिन_आणि_मी:
दादा, तुमच्या गुळाबद्दल आदर आहे आणि हायड्रॉसचं तुम्ही सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. पण वडिलांना डायबेटीस नव्हता. मला आहे, वयाच्या अकराव्या वर्षापासून. गुळात बहुतांश साखरच असते आणि उष्मांकही साखरेच्या जवळपास तेवढेच. मी स्वतः ग्लुकोमीटर लावून पाहिलंय: सकाळी एक दिवस साखरेचा चहा, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गुळाचा. यंत्राला फरक कळला नाही. लोह हवं असेल तर हळीव आणि पालेभाज्या आहेत.

पन्हाळ्याचा_वारा:
चहात नको घालू, पण वर्षातून एकदा मोदकात तर चालंल की. बाप्पाच्या नैवेद्याला पावडर दाखवणार काय?

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात माडाचा गूळ असतो, काळा, माडाच्या सुरेपासून म्हणजे रसापासून केलेला. पातोळ्यांत तोच घालतात. त्याने साखर हळू वाढते म्हणतात.

इन्सुलिन_आणि_मी:
चवीला मलाही फार आवडतो, पण तोही साखरच धरा.

धागाकर्ती, मला एक वेगळंच विचारायचंय आणि कृपया उत्तर द्या. आईंना कधी अचानक घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी असं होतं का? विशेषतः रात्री किंवा जेवण लांबलं की? आणि गोळ्यांची नावं घरी गेल्यावर नक्की लिहा.

कुत्र्याची_आई:
थोडं अवांतर. घरात कुत्रं असेल तर झायलिटॉल (हाही साखरेचा पर्याय) असलेलं काहीही आणू नका, च्युइंगमसुद्धा. माणसाला चालतं, पण कुत्र्याची साखर धाडकन उतरते आणि यकृत जातं.

साधी_सुगरण:
बिनसाखरेच्या चॉकलेटांचंही सांगून ठेवते. त्यात बहुधा माल्टिटॉल असतं. जास्त खाल्लं की पोट बिघडतं आणि साखरही थोडी वाढतेच. माझ्या सासूबाईंनी दिवाळीत अख्खा डबा संपवला होता, 'बिनसाखरेची आहेत' म्हणून.

खाडीपलीकडे:
घरी आले. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दोनदा, वोग्लिबोज तीनदा जेवणाबरोबर. सरासरी ६.४, डॉक्टर म्हणाले उत्तम. चहाची गोळी अस्पार्टेमची होती. डब्यात एरिथ्रिटॉल पहिलं आहे.

घामाचं विचारलंत म्हणून आईला विचारलं. गेल्या महिन्यात दोनदा पहाटे घाम येऊन हात थरथरले होते. आम्हाला उठवलं नाही. पहिल्यांदा शुगरफ्रीच्या दोन गोळ्या घालून चहा करून प्यायली आणि पडून राहिली. दुसऱ्यांदाही तेच. 'गोड खाल्लं की बरं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले होते' म्हणे.

पण माझा प्रश्न मोदकाचाच होता.

इन्सुलिन_आणि_मी:
ताई, मोदक दोन मिनिटं बाजूला ठेवा. साखर खाली गेल्यावर शुगरफ्री घेणं म्हणजे काहीच न घेणं. जिभेला गोड लागतं, रक्तात काही जात नाही. स्टीव्हियाचंही तेच. ६७ व्या वर्षी ग्लिमेपिराइडसारख्या साखर खाली ओढणाऱ्या औषधावर ६.४ म्हणजे साखर बरेचदा खाली जात असू शकते. हे उद्याच डॉक्टरांना सांगा.

निवृत्त_औषधवाला:
+१, आणि एक भर. काउंटरवर तीस वर्षं हे सांगत आलोय. वोग्लिबोज चालू असताना साखर उतरली तर घरातली पांढरी साखर किंवा गूळसुद्धा लवकर उपयोगी पडत नाही. ते औषध आतड्यात साखरेचं विघटनच लांबवतं. थेट ग्लुकोजच लागतं. मेडिकलमधून ग्लुकोज पावडर आणा. लक्षणं दिसली की मीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे, पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा द्या, मग काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. गोळ्यांचा डोस मात्र स्वतःहून बदलू नका.

गवती_चहा:
गुडमारची पानं चघळली तर गोडाची इच्छाच मरते, आईंना ती द्या.

इन्सुलिन_आणि_मी:
कृपया नको. साखर आधीच उतरतेय, त्यात गुडमारनेही ती आणखी उतरू शकते.

साधी_सुगरण:
आता मोदक. सारणात पावडर घालू नका. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, म्हणजे लागतं चिमूटभर. नारळाला बांधायला पाकच उरत नाही, सारण कोरडं सुटतं आणि मोदक उकडताना फुटतात. मी दोन वर्षं केलेत. अस्पार्टेम तर तापलं की गोडीच जाते, चहातही कप खाली उतरवल्यावर टाकायचं.

माझी रीत: गूळ नेहमीच्या निम्मा, नारळ तेवढाच, खसखस थोडी जास्त, जायफळ-वेलची सढळ हाताने. वासाने अर्धी गोडी भरून निघते. आणि एक लक्षात ठेवा, पारीही तांदळाचीच आहे, तीही साखर वाढवते. आईंना त्या जेवणात भात वाढू नका, भाताच्या जागी दोन छोटे मोदक, वर तूप. दोन तासांनी मोजा.

पन्हाळ्याचा_वारा:
निम्मा गूळ कबूल. पण चांगला घ्या.

आंबोळी:
खोवलेला नारळ फ्रीजरमध्ये महिनाभर राहतो, आधीच करून ठेवा.

खाडीपलीकडे:
उशीर झाला लिहायला. ग्लुकोजचे दोन डबे आणले, एक आईच्या उशाशी, एक पर्समध्ये. डॉक्टरांकडे जाऊन आलो. रात्रीची ग्लिमेपिराइड बंद केली, आठवडाभर पहाटे साखर मोजायला सांगितलीय. चहाबद्दल म्हणाले, दिवसाला दोन-तीन अस्पार्टेमच्या गोळ्या खुशाल घ्या. बहीण अजून रुसलेली आहे. तिला मे २०२३ चं सांगितलं, ती म्हणाली बघते.

आई दोन मोदक खायला तयार झालीय, पण पारी पातळ कर म्हणते. पातळ करायला गेले की माझी कळ्या काढतानाच फाटते. आंबेमोहोरचं पीठ आहे. कोणी सांगेल का?

साधी_सुगरण:
उकड गरम असतानाच मळायला घ्या, थंड झाली की चिरते. तेल-पाण्याचा हात लावून लोण्यासारखी मऊ करा. कडा पातळ ठेवा, बूड जाड राहू दे. आणि पीठ नवं आहे का ते सांगा.