भाचीचं बीएस्सी नर्सिंग झालंय, एजंट साडेसहा लाख मागतोय

प्रेषक: अनिल, लेस्टर
शनिवार, रात्री उशिरा

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत हे हरवून जाईल, म्हणून वेगळं लिहितोय.

माझी भाची, गंगाखेडच्या बहिणीची लेक. लातूरजवळच्या एका खासगी कॉलेजातून बीएस्सी नर्सिंग झाली. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशनही हातात आलंय. आठ महिने झाले, घरीच आहे. बहिणीचा रोज फोन: "लेकरू नुसतं बसून राहायलंय रे, तू तिकडं असून काय उपयोग?"

आता पुण्याचा कुणी एजंट भेटलाय. इंग्लंडला नर्स म्हणून लावून देतो म्हणतो, साडेसहा लाख. दाजींनी अर्धा एकर काढायची भाषा सुरू केली आहे. एवढ्या पावसावर ते रान जे पिकतं ते पिकतं, पण आहे ते तेवढंच आहे.

मी इथं गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मला यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी सांगेल का?

अनिल


प्रेषक: निखिल, मिल्टन कीन्स
रविवार, सकाळी

अनिलदादा, टेन्शन घेऊ नका. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्सचा तुटवडा आहे हे रोज बातम्यांत येतं. सीव्ही पाठवा, मी दोन-तीन ग्रुपवर टाकतो. लिंक्डइन प्रोफाइल आहे का तिचं?

निखिल


प्रेषक: सुनंदा, बर्मिंगहॅम
रविवार, दुपारी

अनिल,

आधी दाजींना फोन लाव आणि रान विकू नका म्हणून सांग. मेल नंतर वाच.

लावलास? मग ऐक.

निखिल, तुझा हेतू चांगला आहे बाळा, पण तुटवडा आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉर्डात माणसं कमी आहेत हे मी रोज बघते. पण पैसा नाही म्हणून ट्रस्ट, म्हणजे इथले सरकारी दवाखाने चालवणाऱ्या संस्था, जागाच काढत नाहीत. गेल्या दीड-दोन वर्षांत इथल्याच युनिव्हर्सिटीतून बाहेर पडलेल्या पोरींना पहिली बँड ५ची, म्हणजे नव्या नर्सच्या श्रेणीतली, नोकरी मिळेना, एवढी की २०२५च्या ऑगस्टमध्ये सरकारला त्यांच्यासाठी वेगळी हमी जाहीर करावी लागली. बाहेरून भरती तर एकदम आटली आहे. अशात गंगाखेडची विनाअनुभव मुलगी कोण बोलावणार? बोलावतो म्हणणारा एजंट तिला नोकरी विकत नाहीये, स्वप्न विकतोय.

त्यानं "आधी केअरर म्हणून जा, मग तिथंच नर्स हो" असं म्हटलंय का, ते विचार. केअरर म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारी, नर्स नव्हे. केअर वर्करसाठी परदेशातून नवीन भरती २२ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. तो रस्ता दाखवणारा सरळ फसवतोय. आणि पैशाचं म्हणशील तर भारतात नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचा नोंदणी नंबर माग आणि ई-मायग्रेट या भारत सरकारच्या साइटवर टाकून बघ. इथल्या नियमानं तर नोकरी लावायचे पैसे नर्सकडून घ्यायचेच नसतात. नंबर मागितला की बहुतेक फोन उचलायचा बंद होतो, एवढा माझा अनुभव आहे.

आता खरी गोष्ट. आपल्याकडं सगळे उलट्या बाजूनं सुरुवात करतात. आधी ओईटीचा (आरोग्यसेवेतल्या लोकांच्या इंग्रजी परीक्षेचा) क्लास, मग सीबीटी (कॉम्प्युटरवरची नर्सिंगची परीक्षा), मग अनुभव "बघू". इथं नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसीची वाट अशी आहे: इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी, मग इथं येऊन ओएससीई, म्हणजे एकेका स्टेशनवर प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा. ओईटीत बी लागतो, लेखनात सी प्लस चालतो. आयईएलटीएस ही दुसरी इंग्रजी परीक्षा असेल तर ७, लेखनात ६.५. पण इंग्रजीचा निकाल दोनच वर्षं धरतात. आज परीक्षा दिली आणि दोन वर्षांनी अनुभव झाला, की तो कागद शिळा. पुन्हा फी. माझ्या ओळखीतल्या एका पोरीनं ओईटी तीनदा दिली. पहिल्या वेळी पास झाली होती.

एनएमसीची नोंदणीसाठी अनुभवाची सक्ती आता राहिलेली नाही, हे एजंट बरोबर सांगतात. पण नोंदणी एनएमसी देते, नोकरी ट्रस्ट देतं, आणि ट्रस्ट अनुभव बघतं. म्हणून आत्ता तिला इंग्लंड नको, वॉर्ड हवा. चांगला, पेशंटनं भरलेला वॉर्ड.

मला एवढं सांग: तिच्या कॉलेजला पेशंट होते का? हे मी मुद्दाम विचारते. आपल्याकडं अशी कॉलेजं मी बघितली आहेत, जिथं इन्स्पेक्शनच्या दिवशी गावातली माणसं आणून खाटांवर झोपवतात आणि एरवी चादरींना घडीसुद्धा पडत नाही. त्यात पोरींचा दोष नाही, पण कमी राहिलेलं नंतर भरून काढावंच लागतं.

मी संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला. एका नाइटला एक सिस्टर, आम्ही दोन स्टुडंट आणि जमिनीवरच्या गाद्या धरून साठ-पासष्ट पेशंट. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. मला धड ड्रेसिंग येत नव्हतं. चार दिवसांत आलं. पुढं इथल्या मुलाखतीत बाईंनी विचारलं, "दडपणाखाली काम केल्याचा प्रसंग सांगा." मी हसलेच.

भाचीला या लिस्टवर घे. तिच्याशीच बोलते. तुझ्यामार्फत निरोपानिरोपी नको.

सुनंदा


प्रेषक: अनिल, लेस्टर
रविवार, संध्याकाळी

ताई, एजंटला नोंदणी नंबर मागितला. "सर, मीटिंगमध्ये आहे" म्हणाला. रविवारी. दाजी गप्प बसलेत, पण रानाचा विषय आज तरी थांबलाय. भाचीला जोडलंय.


प्रेषक: भाची, गंगाखेड
सोमवार

सुनंदा आत्या, नमस्कार. मामा तुम्हाला ताई म्हणतात, म्हणून मी आत्या म्हणते. चालेल ना? मावशी म्हणू का?

तुम्ही विचारलं ते खरं आहे. आमच्या हॉस्पिटलात पेशंट कमीच असायचे. मॅटर्निटीची केसबुक अर्धी आम्ही सीनियरचं बघून भरली. चौथ्या वर्षी मात्र सरकारी दवाखान्यात पोस्टिंग होतं, तिथं सगळं खरं शिकले.

मला सध्या दोन ठिकाणांहून बोलावणं आहे. एक लातूरचं वीस खाटांचं. पगार नऊ हजार. पण ते ओरिजिनल मार्कशीट आणि रजिस्ट्रेशन ठेवून घेतात, एक वर्षाचा बाँड. दुसरं छत्रपती संभाजीनगरचं मोठं आहे, आयसीयू आहे, साडेतेरा हजार. खोलीभाडं आणि मेस जाऊन काही उरत नाही, म्हणून आई नको म्हणते. घरी म्हणतात, एवढं शिकून एवढ्या पगारावर जायचं तर घरीच बस.

माझं वय २३. सरकारी जागा निघाल्या की फॉर्म भरते. काय करू?


प्रेषक: सुनंदा, बर्मिंगहॅम
सोमवार, रात्री (नाइटला जायच्या आधी)

बेटा,

अनिल मला भाऊ, म्हणजे तुझी आई मला बहीण. मावशीच म्हण.

केसबुकचं खरं सांगितलंस, तिथंच तुझे मार्क वाढले.

ओरिजिनल कुणालाही द्यायचे नाहीत. साक्षांकित प्रती द्यायच्या. ओरिजिनल अडकले की एम्सचा फॉर्म निघो नाहीतर सरळसेवेचा, कागदपत्रं पडताळणीच्या दिवशी तू त्या मालकाच्या दारात हात जोडून उभी. माझ्या वर्गातल्या एकीनं अशी सरकारी नोकरी घालवली. ती अजून त्याच शहरात आहे, त्याच तसल्या दवाखान्यांत.

नऊ हजार ही थट्टा आहे. २०१६ साली सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातसुद्धा नर्सला २०,०००च्या खाली पगार नको असं म्हटलं होतं. कागदावर आहे. तुझ्या पर्समध्ये कधी येईल ते मला सांगता येत नाही, पण बोलताना हा आकडा माहीत असावा.

मी तुझ्या जागी असते तर संभाजीनगर धरलं असतं. साडेतेरा हजारासाठी नाही, आयसीयूसाठी. दोन वर्षं. अनिल, ऐकतोयस ना? खोलीभाड्याचं आपण मामा-मावशी बघू शकतो. साडेसहा लाखांपेक्षा स्वस्त पडेल. जाताना अपॉइंटमेंट लेटर, दर महिन्याची सॅलरी स्लिप आणि पगार बँकेत, या तीन गोष्टी लेखी मागायच्या. रोख पगार घेऊन दोन वर्षं काढलेल्या पोरींकडं शेवटी दाखवायला काही नसतं. वॉर्ड कुठला आणि खाटा किती, हे एक्सपिरियन्स लेटरवर असलंच पाहिजे.

सोबत नॉरसेटचा, म्हणजे एम्सच्या नर्स भरती परीक्षेचा अभ्यास सुरू ठेव. तुला बीएस्सी असल्यानं अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्यांना पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातली दोन वर्षं लागतात. त्यात ८० टक्के जागा मुलींना आहेत आणि मूळ पगार ४४,९०० पासून. नागपूरलाही एम्स आहे. घरच्यांना गावाजवळच हवी असशील तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची जागा बघ. २५,००० मानधन आणि कामाप्रमाणे १५,००० पर्यंत वर. काम एकट्याचं असतं, तेवढं लक्षात ठेव. नवशिकीनं एकटीनं उपकेंद्र सांभाळणं मला फारसं पटत नाही, पण हे माझं मत.

जर्मनीचंही कुणीतरी सांगेल. महाराष्ट्र सरकारनं २०२४ला तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय, त्यात नर्सिंगही आहे. पण जर्मन भाषा बी-वन या पातळीपर्यंत यायला वर्ष जातं. तेही नोकरी करता करता.

आता दोन प्रश्न. पाठ करून नाही, मनानं उत्तर दे.

एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचं आहे. मिनिटाला किती थेंब?

आणि पोस्टिंगमधला एक पेशंट सांग, ज्याच्यासाठी तू भांडलीस.

सुनंदा मावशी


प्रेषक: भाची, गंगाखेड
मंगळवार

मावशी,

एका मिलीचे २० थेंब धरले तर १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं. ४१.६, म्हणजे ४२ थेंब. पण सेटच्या पाकिटावर आधी बघावं लागतं. आमच्याकडं कधी मिलीला १५ थेंबांचा सेट यायचा, मग ३१च येतात.

भांडले असं नाही. एक आजी होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेलं, दुसरी रात्र. दिवसभर कण्हत होत्या आणि रात्री बाराला एकदम गप्प झाल्या. नातेवाईक म्हणाले, बरं झालं, डोळा लागला. मला त्यांचं पांघरूण फार भरभर वर-खाली होताना दिसलं. मोबाईल लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले. २८. सिस्टरना सांगितलं, त्या म्हणाल्या झोपू दे, त्यांच्याकडं तेव्हा दोन नवीन ॲडमिशन होते. मी परत मोजले, ३०. मग कागदावर वेळ आणि आकडा लिहून कागदच त्यांच्या हातात दिला. त्यांनी डॉक्टरांना उठवलं. ऑक्सिजन लावून आजींना आयसीयूत हलवलं. पुढचं मला माहीत नाही, माझं पोस्टिंग दोन दिवसांनी संपलं.

सिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.


प्रेषक: निखिल, मिल्टन कीन्स
मंगळवार

मी माझा लिंक्डइनचा सल्ला मागं घेतो. खोलीभाड्यात मलाही धरा.


प्रेषक: सुनंदा, बर्मिंगहॅम
बुधवार, पहाटे (नाइटवरून आल्यावर)

बेटा,

आमच्याकडं प्रत्येक पेशंटला न्यूज-टूचा, म्हणजे तब्येत बिघडतेय का ते गुणांवरून ओळखायचा तक्ता असतो. श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त झाले की त्या एकाच रकान्यात तीन गुण, आणि एका रकान्यात तीन दिसले की कुणीतरी तातडीनं येऊन बघायचंच. तुझ्याकडं तक्ता नव्हता, तू पांघरूण बघितलंस. ही गोष्ट मुलाखतीत अशीच सांगायची. सिस्टर रुसल्या तेही सांग, पण त्यांना नावं ठेवू नको. दोन ॲडमिशन होते हे तू स्वतःहून लिहिलंस, ते मला आवडलं.

संभाजीनगरला फोन करून पगार पंधरा मागून बघ. नाही म्हणाले तरी जा. ओईटीचं नाव दीड वर्ष काढायचं नाही. इंग्रजीचं म्हणशील तर रोज एका पेशंटचं हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला द्यायची माहिती) इंग्रजीत पाच ओळी लिहून मला पाठव. नाव, नंबर घालू नको.

रविवारी तुमच्याकडच्या अडीचला व्हिडिओ कॉल. ओएससीईतलं पहिलं स्टेशन आतापासून करून घेते. पेशंट म्हणून आईला खाटेवर झोपव. हातातलं घड्याळ, बांगड्या काढ, नखं काप, बाह्या कोपराच्या वर. आणि आईच आहे म्हणून नाव न विचारता सुरू केलंस तर तिथंच नापास.

मावशी