मदत हवी आहे: बेमच्या ५३ टक्क्यांत गडबड नेमकी कुठे?
इथे कोणी स्टॅटिस्टिक्सवाले आहेत का? कॉर्नेल विद्यापीठातल्या डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाचा २०११ चा पेपर वाचतेय, ९ प्रयोग, हजारावर लोक, आणि म्हणे माणसाला पुढचं आधीच जाणवतं. पहिल्यात दोन पडद्यांपैकी कुठल्यामागे चित्र येणार ते ओळखायचं, कामुक चित्रांना ५३.१ टक्के बरोबर, नुसत्या अंदाजाने ५० यायला हवे, साध्या चित्रांना काहीच नाही (भविष्यसुद्धा चावट निघालं!). त्याचा शेवटचा प्रयोग रिची, वाइझमन, फ्रेंच या संशोधकांनी परत तीनदा करून पाहिला तर काही मिळालं नाही. व्हिकरीच्या पॉपकॉर्नवाल्या छुप्या जाहिरातीसारखी (सिनेमात क्षणभर 'पॉपकॉर्न खा' दाखवून विक्री वाढवल्याचा त्याचा खोटा दावा) सरळ थाप असती तर सोडून दिलं असतं पण इथे पद्धत तर नेहमीचीच आहे. मग घोळ आकडे सोयीने कापण्यात की पी-व्हॅल्यूतच (खरा परिणाम नसताना नुसत्या योगायोगाने असा निकाल यायची शक्यता मोजणारा आकडा)? सोपं करून सांगा ना कोणीतरी.