प्रतिसाद : सशाचा डोळा आणि पीतबिंदू

'सशाच्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, इआरजी नॉर्मल आला, म्हणजे औषध दृष्टिपटलाला सुरक्षित' हे वरच्या लेखनातलं विधान अर्धंच पटलं. (दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा; इआरजी म्हणजे प्रकाश पडल्यावर त्यात उठणाऱ्या विद्युत लहरींची नोंद.) मात्रेच्या बाबतीत ससा उलट जास्त कडक परीक्षा घेतो. त्याच्या डोळ्यातला काचद्रव, म्हणजे डोळा भरणारा पारदर्शक द्रव, साधारण दीड मिली, आपला चार मिली. तेच इंजेक्शन सशाला दिलं की औषधाची तीव्रता अडीचपट होते. तिथे दृष्टिपटल टिकलं तर बरंच म्हणायचं.

पण सशाला पीतबिंदूच नसतो, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधोमध असलेला, बारीक नजरेचा तो ठिपका! रक्तवाहिन्याही दृष्टिपटलभर पसरलेल्या नसतात, नेत्रबिंबाच्या (डोळ्याची नस जिथे दृष्टिपटलाला मिळते त्या जागेच्या) दोन्ही बाजूंना फक्त एक पट्टा. बाकी सगळं मागच्या थरातून पोसलं जातं. इआरजी तर सगळ्या दृष्टिपटलाचा मिळून एकच आलेख देतो, त्यात छोट्याशा भागाची इजा उठून दिसत नाही. जेन्टामायसिन या प्रतिजैविकाचं उदाहरण इथे कुणी दिलं नाही म्हणून सांगते. डोळ्यातल्या जंतुसंसर्गावर ते ०.४ मिलिग्रॅम देत, सशांवरच्या प्रयोगांत ही मात्रा सुरक्षित ठरली होती. माणसांत मात्र काही रुग्णांच्या पीतबिंदूचा रक्तपुरवठाच बंद पडला आणि मधली नजर गेली. जो भागच सशाकडे नाही, त्याची इजा ससा दाखवणार कुठून? म्हणून तर पीतबिंदू असलेल्या माकडांवर चाचणी करावी लागते, कितीही महाग आणि मनाला खुपणारी असली तरी. आज जेन्टामायसिनच्या जागी बहुतेक ठिकाणी सेफ्टाझिडीम हे दुसरं प्रतिजैविक देतात, सोबत व्हॅन्कोमायसिन.