उत्तर: वर्गमित्राचं पोर्ट्रेट पांढुरकं का होतं
पुण्यातल्या खोलीत जुन्या वर्गमित्राला बसवून २ तासांत केलेल्या तैलचित्रात चेहरा खडूसारखा का दिसतो, असा प्रश्न आहे. कारण सावलीत मिसळलेला पांढरा. सावली बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) या रंगांमध्ये, टर्पेंटाइनने पातळ ठेवा. जाड रंग फक्त उजेडात. उत्तरेच्या खिडकीचा प्रकाश, ट्यूबलाइट बंद. दर २० मिनिटांनी विश्रांती द्या, पण त्याआधी खुर्चीचे पाय नि मित्राची पावलं खडूने आखून घ्या. चित्रकार समोर बसला की मित्राची मान कॅनव्हासकडे वळतेच! तिच्यामागे धावू नका, पहिली ठेवण धरा. पापण्या शेवटी रंगवा. ओळख पटते ती कपाळ, गालाचं हाड आणि खांद्यांच्या उतारावरून, आणि वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्याचा तो उतार तोंडपाठच असतो. पावसाळ्यात थर सावकाश वाळतात, दुसऱ्या बैठकीची घाई नको.